जहाज पाहावयास गेलो होतो



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही त्यांना 'एक कौटुंबिक सहल' असे कळविले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. आदल्या दिवशी अर्थकारण, दुसऱ्या दिवशी उपनिषदे, आणि त्या दोहोंच्या मध्ये ही सहल कशी बसवावी, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. आम्ही म्हटले, सहल एका जुन्या लढाऊ जहाजावरची आहे, जहाज इंग्लंडात आहे, पण ते बांधलेले आहे मुंबईत. त्यावर ते म्हणाले, "मग चालेल!" का चालेल ते त्यांनी सांगितले नाही. पण त्यांच्या आवाजात जो अभिमान एकदम डोकावला तो आम्ही ओळखला. कारण तोच अभिमान घेऊन आम्हीही त्या जहाजाची शिडी चढलो होतो, आणि उतरताना त्याच अभिमानाने आम्हांला जरा अडचणीत टाकले होते. ती अडचण आज आपल्यापुढे मांडावी असे मनात आहे.

२०२३ सालच्या जुलैअखेरीस आम्ही उभयता मुलाकडे इंग्लंडात, न्यूकॅसल या गावी होतो. नातू तेव्हा नऊ वर्षांचा आणि नात सहा वर्षांची. शाळांना सुट्टी लागलेली, आणि सुट्टीतल्या मुलांचे काय करावे हा प्रश्न सदाशिव पेठेत जितका बिकट तितकाच तेथेही बिकट आहे. मुलांना पाळण्यांच्या जत्रेत जावयाचे होते, सूनबाईंना कोठेतरी हिरवळीवर निवांत बसावयाचे होते, आणि आमच्या सौभाग्यवतींना कोठेही चालणार होते, मात्र तेथे दशम्या नेता आल्या पाहिजेत एवढीच अट होती. अशा वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, हार्टलपूलला एक जुनी लढाऊ बोट जपून ठेवली आहे. ट्रिंकोमाली नावाची. इंग्रजांची आहे, पण मुंबईत बांधलेली." झाले! जत्रा, हिरवळ सगळे मागे पडले.

सौभाग्यवतींनी एकच हरकत घेतली. "मला बोट लागते," त्या म्हणाल्या. मुलाने समजूत घातली, "आई, ती गोदीत बांधून ठेवली आहे, हलत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "दोनशे वर्षांच्या बोटीला बुडायला हलावं लागतं होय?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही निघालो.

न्यूकॅसलहून सुंदरलंडवरून समुद्राच्या काठाकाठाने आगगाडी जाते. हार्टलपूल हे एके काळी जहाजबांधणीचे मोठे गाव. त्या गावाची एक गोष्ट मुलाने गाडीत सांगितली, ती मुलांना इतकी आवडली की आम्हांला ती परतीच्या वाटेवर आणखी दोनदा ऐकावी लागली. नेपोलियनशी युद्ध चालू असताना एक फ्रेंच जहाज तेथल्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून एक माकड तेवढे जिवंत वर आले. फ्रेंच माणूस कसा दिसतो हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी तो हेरच समजून त्याला रीतसर फाशी दिले, अशी ती दंतकथा आहे. विशेष हे की, गावाने ती लपविली नाही. आजही ते लोक आपल्याला 'माकड फाशी देणारे' म्हणवून घेतात. स्वतःच्या फजितीची गोष्ट स्वतःच जपून ठेवणारे गाव जहाजही जपून ठेवील, यात नवल नाही, असे आमच्या मनात आले.

गोदीच्या भोवती जुन्या काळचा धक्का उभा केला आहे. बंदूकवाला, शिंपी, छापखाना अशी दुकाने मांडली आहेत, आणि मधूनमधून बार उडतो, की मुले कान झाकून किंचाळतात. हे सर्व छान आहे, पण आमचे लक्ष तिकडे नव्हते. समोर पाण्यावर ते जहाज उभे होते. काळे अंग, तीन उंच डोलकाठ्या, आणि त्यांना बांधलेल्या दोरांचे असे जाळे की कोळ्याने पाहून लाजावे. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, त्या काळच्या रीतीप्रमाणे एक कोरीव पुतळा आहे. नातू ओरडला, "आजोबा, हा तर पगडीवाला!" आम्ही पुण्याचे. आम्हांला राहवले नाही. आम्ही सांगितले, "बाळ, ही पगडी नव्हे. याला मुंडासे म्हणतात." पण खरे सांगतो, त्या परक्या गावात, परक्या थंडीत, डोक्याला फेटा बांधलेला तो लाकडी माणूस पाहून आम्हांला कोणी ओळखीचे भेटल्यासारखे वाटले.

वर चढल्यावर सौभाग्यवतींनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर जहाजाच्या जुन्या लाकडावर तळहात फिरवला. त्यांचे माहेर वाड्याचे. वाड्याच्या चौकातल्या खांबांना वर्षानुवर्षे टेकून बसणाऱ्यांच्या पाठींनी जी झिलई येते ती त्यांच्या हाताला ठाऊक. त्या म्हणाल्या, "हा आपला साग आहे हो." आम्ही पुस्तके चाळून गेलो होतो, त्यांनी न चाळता सांगितले. तो मलबारचा साग होता, आणि जहाजाचे निम्म्याहून पुष्कळ अधिक लाकूड आजही मूळचेच आहे.

हा साग तेथे कसा गेला, याची हकीगत आता थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती मोठी गमतीची आहे. इंग्लंड जहाजे बांधीत असे ओकच्या लाकडाची. नेपोलियनशी वीसएक वर्षे झुंजता झुंजता ओकची चणचण पडू लागली. हिंदुस्थानात साग मुबलक, आणि साग ओकपेक्षा एका बाबतीत सरस. ओकच्या लाकडात एक आम्ल असते, त्याने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या अंगात तेल असते, ते खिळ्याला सांभाळते आणि किडीला व पाण्यालाही लवकर दाद देत नाही. आणि ते लाकूड घडविणारे हात मुंबईत होते. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी गृहस्थ १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यानुपिढ्या मुंबईच्या गोदीत मुख्य जहाजबांधणाऱ्याचे काम केले. या घराण्यातील जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली हे जहाज उभे राहिले. जमशेटजींविषयी एक कथा सांगतात, की १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा तुळईवर, त्यांनी इंग्रजीत कोरून ठेवले होते: हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, आणि 'काळा' या शब्दाच्या मागे, साहेब लोक ज्या विशेषणाने त्यांना संबोधीत असतील ते विशेषणही जोडले होते. कथा खरी असो वा नसो, ती सांगाविशी वाटली यातच काय ते आले.

ट्रिंकोमाली बांधण्याचा हुकूम सुटला १८१२ च्या ऑक्टोबरात. तिचे नकाशे घेऊन 'जावा' नावाची इंग्रज फ्रिगेट मुंबईकडे निघाली. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिला अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने गाठले आणि १८१२ च्या डिसेंबरात तिचा निकाल लावला. नकाशे गेले. ते पुन्हा काढून पाठविण्यात वेळ गेला. जहाजाचा तळाचा कणा, ज्याला आपल्या कोकणात पठाण म्हणतात, तो बसविण्यास १८१६ साल उजाडले. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात एक कोरलेला चांदीचा खिळा ठोकला, म्हणजे जहाजाला कुशल राहावे. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "आपण उंबऱ्याखाली सोन्याचा मणी घालतो तसंच." मग मात्र त्यांचा बोट लागण्याचा धाक पुरा गेला. खिळा ठोकला आहे म्हटल्यावर भीती कसली?

आणि आता तारीख ऐका. हे जहाज मुंबईच्या पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. येथून दोन कोसांवर खडकीची लढाई झाली ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. मध्ये अवघे चोवीस दिवस! जहाज पाण्यात सरकले तेव्हा शनिवारवाड्यावर पेशव्यांचे निशाण होते. महिना-सव्वा महिन्यात त्या जागी इंग्रजांचे निशाण चढले. जहाज पोर्टस्मथ बंदरास लागले ३० एप्रिल १८१९ रोजी. तोवर बाजीराव शरण आले होते. आम्ही त्या जहाजाच्या फळ्यांवर उभे राहून या तारखा मनाशी जुळविल्या आणि काही वेळ गप्प राहिलो. ज्या हातांचा आम्हांला अभिमान वाटत होता, ते हात त्या चोवीस दिवसांत कोणासाठी राबत होते, हा प्रश्न आम्हांला तेथे प्रथम शिवला.

तो एकट्या या जहाजापुरता नाही. १८२७ साली नॅव्हारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे निशाण ज्या 'एशिया' जहाजावर होते, ते मुंबईचे. अफूच्या युद्धात चीनला नमवून १८४२ साली नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, तेही मुंबईचे. म्हणजे आमचा साग उत्तम, आमची कारागिरी अव्वल, आणि त्या दोहोंनी जगात जी कामे केली त्यांतील काही ऐकून मान खाली घालावी. अभिमानाची ही अशी मोळी असते. एक काडी ओढली की नको असलेली दुसरी सोबत येते.

ट्रिंकोमालीच्या बाबतीत दैव मात्र दयाळू. ज्या नेपोलियनसाठी तिची मागणी झाली, तो ती तयार होण्यापूर्वीच पराभूत होऊन सेंट हेलेना बेटावर कैदेत पडला होता. मुंबईहून जाताना १८१९ च्या जानेवारीत ती त्याच बेटावर थांबली, आणि नेपोलियनला तपासलेल्या एका इंग्रज डॉक्टरला घेऊन पुढे निघाली. तिच्या शत्रूशी तिचा आलेला संबंध एवढाच. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती नुसती बांधून ठेवली. मग तिच्या तोफा कमी करून तिला अमेरिकेकडच्या व प्रशांत महासागरातल्या पहाऱ्यावर धाडले. इतिहासात नाव व्हावे अशी एकही लढाई तिच्या नावावर नाही. नकाशे वेळेवर पोचले असते तर ती कदाचित लढली असती, नाव कमावले असते, आणि समुद्राच्या तळाशीही गेली असती.

पण आपण सहलीला आलो आहो. मुले केव्हाच खाली पळाली होती. तोफांच्या मजल्यावर अठरा रत्तली गोळ्यांच्या तोफा ओळीने उभ्या आहेत. गोळा म्हणजे आपल्याकडचे आठ किलो. एकेका तोफेमागे आठ-दहा माणसे घामाघूम होत. त्याच्या खालचा मजला खलाशांच्या राहण्याचा. छत इतके ठेंगणे की आमचे कपाळ तीनदा आपटले, आणि तिसऱ्या वेळी नात इतकी हसली की तिच्या आनंदासाठी चौथ्यांदा आपटावे असे वाटले. तीनशेहून अधिक माणसे या जहाजावर राहावयाची. झोळीला टांगण्यासाठी माणशी जागा चौदा इंच. नातवाने हाताच्या वितीने चौदा इंच मोजून पाहिले आणि विचारले, "कुशीवर वळायचं असेल तर?" आम्ही सांगितले, सगळ्यांनी एकदम वळायचे. यात दारूची पिशवी तोफेपर्यंत धावत नेण्याचे काम त्याच्याहून थोड्याच मोठ्या मुलांकडे असे, हे कळल्यावर तो गंभीर झाला. आणि शिस्तीसाठी वापरावयाचा नऊ दोरांचा चाबूक पाहिल्यावर नात आजीच्या पदराआड गेली. हे दाखवावे की न दाखवावे, यावर सूनबाई व मुलगा यांच्यात थोडी कुजबूज झाली. आमचे मत दाखवावे असेच पडले. तोफा चकचकीत घासून ठेवावयाच्या आणि चाबूक लपवावयाचा, हे बरे नव्हे.

तळघरात ओळखपाळख सांगण्यासाठी एक वृद्ध स्वयंसेवक बसलेले होते. आम्ही मुंबईजवळचे असे कळताच ते उठून उभे राहिले, आणि आमच्याऐवजी सौभाग्यवतींशी हस्तांदोलन करून म्हणाले, "म्हणजे हे तुमच्याच गावचे." त्यांचे वडील त्या गावातल्याच जहाजांच्या कारखान्यात सुतारकाम करीत. १९६० च्या सुमारास कारखाने मिटले, माणसे घरी बसली. मग तेथे मोडकळीस आलेली 'वॉरियर' नावाची जुनी युद्धनौका डागडुजीसाठी आली, १८६० ची. ती दुरुस्त करता करता कारागिरांची एक नवी फळी तयार झाली. १९८७ मध्ये वॉरियर पोर्टस्मथला गेली आणि त्याच साली ट्रिंकोमाली तेथे आली. तिच्या जीर्णोद्धाराचे काम १९९० पासून २००१ पर्यंत चालले. म्हाताऱ्या जहाजाला गावाने जगविले, तसे काही अंशी जहाजानेही गावाला जगविले. आणखी एक नाते आहे. १८६२ ते १८७७ या काळात ट्रिंकोमाली याच गावी राखीव खलाशांच्या शिक्षणासाठी उभी होती. म्हणजे एकशेदहा वर्षांनी ती जुन्याच बिऱ्हाडी परतली.

मधल्या काळात ती भंगारवाल्याच्या दारातून परत आलेली आहे, हेही सांगावयास हवे. १८९७ साली ती मोडण्यासाठी विकली गेली होती. व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने ती घेतली. त्याने आधी नेल्सनचे 'फूद्रोयां' हे जुने जहाज वाचविले होते, ते वादळात किनाऱ्यावर आदळून मोडले. तेव्हा त्याने या जहाजाला तेच नाव दिले आणि त्यावर मुलांना समुद्राचे शिक्षण देऊ लागला. १९८६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, पिढ्यान्‌पिढ्यांची मुले सुट्टीत या जहाजावर झोळ्या टांगून राहिली, दोर ओढावयास शिकली. आमचा असा समज झाला की, हे जहाज वाचले ते त्याच्यावर काच घालून नव्हे, तर त्याच्यावर पोरे नाचवून. तिचे मुंबईचे नाव तिला परत मिळाले ते १९९२ साली.

तरी इंग्रज लोक सगळेच जपतात असा कोणी समज करून घेऊ नये. याच जहाजाशेजारी पोर्टस्मथला 'इम्प्लॅकेबल' उभे असे. ते मूळचे फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईतले, पुढे १८०५ साली इंग्रजांच्या हाती लागलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा मिळेना. २ डिसेंबर १९४९ रोजी त्याच्यावर फ्रान्स आणि इंग्लंड दोघांची निशाणे चढविली, समुद्रात नेले, आणि सुरुंग लावून बुडविले. एवढ्या मानाने बुडविता येते, तर तेवढ्याच खर्चात वाचविता येत नव्हते काय, असा प्रश्न मग लोकांना पडला. त्या हळहळीतून पुढे तेथे जुनी जहाजे राखण्याची चळवळ जोर धरू लागली. म्हणजे चूक त्यांचीही झाली. फरक इतकाच की ती चूक त्यांना टोचत राहिली.

धक्क्यावर बाकावर बसून आम्ही दशम्या सोडल्या. लसणीच्या चटणीच्या वासाने शेजारच्या बाकावरचे कुटुंब किंचित सरकले, पण त्यांचा लहान मुलगा आमच्याकडेच पाहत राहिला. सौभाग्यवतींनी त्यालाही अर्धी दशमी दिली. आणि त्या वेळी नातवाने तोंडात घास असतानाच विचारले, "आजोबा, हे जहाज आपलं की त्यांचं?"

आम्ही उत्तर देऊ लागलो. लाकूड आपले, कारागीर आपले, चांदीचा खिळा आपला. पैसा त्यांचा, तोफा त्यांच्या, हुकूम त्यांचा. "मग अर्धं अर्धं का?" तो म्हणाला. आम्ही 'तसे नव्हे' म्हणून पुन्हा सुरुवात केली, तोच मुलगा मध्येच बोलला. तो सहसा आमच्या बोलण्यात पडत नाही. तो म्हणाला, "ज्यांनी सांभाळलं त्यांचं." आणि मग आमच्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, आपली विक्रांत आठवते?"

आठवते तर! विक्रांत निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ रोजी, आणि पुढे २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून मधूनमधून लोकांना दाखवीत. मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. नौदल सप्ताहात आम्ही पहाटेची गाडी धरून मुंबईस गेलो आणि रांगेत उभे राहिलो. आमच्या मागे नाशिककडचे एक शेतकरी कुटुंब होते; आजीबाई लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन उन्हात तासभर उभ्या होत्या, आणि 'बोट पाहायचीच' म्हणून हटून बसल्या होत्या. सातशे फूट लांबीच्या त्या जहाजावर पाय ठेवला तेव्हा आधी तो जहाज आहे हेच कळेना, मैदान वाटले. पोटातल्या विमानघरात 'सी हॉक' विमान होते. १९७१ च्या डिसेंबरात याच जातीच्या विमानांनी विक्रांतवरून उडून कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले होते. मुलाने हळूच त्याच्या पंखाला हात लावला, आणि पहाऱ्यावरच्या नौसैनिकाने पाहून न पाहिल्यासारखे केले. ते जहाजही आम्ही घडविलेले नव्हते, हे ध्यानात घ्या. इंग्लंडात त्याचे काम १९४३ साली सुरू झाले, १९५७ साली आपण ते अर्धवट स्थितीत घेतले, आणि १९६१ साली ते आपल्या नौदलात आले. पण त्याचे काय करावयाचे, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती होते.

२०१२ साली ते लोकांसाठी बंद झाले. तळ गंजला होता, ते धोक्याचे होते, हे खोटे नव्हे. लोखंड म्हणजे साग नव्हे, आणि एवढे प्रचंड धूड खाऱ्या पाण्यात राखणे हे एखाद्या लाकडी फ्रिगेटीपेक्षा किती तरी खर्चाचे, हेही खरे. कायमचे संग्रहालय करावे म्हणून योजना आल्या, पत्रव्यवहार झाले, काही जण न्यायालयातही गेले. परंतु केंद्राच्या, राज्याच्या वा खाजगी धनिकांच्या, कोणाच्याच हिशेबात ती बसेना. २०१४ साली साठ कोटी रुपयांना ती लिलावात गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर घण पडू लागले. पुढे तिच्या लोखंडातून मोटारसायकली निघाल्या. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने मोठ्या श्रद्धेने ती घेतली होती, आणि तिला तो दसऱ्याला झेंडूचा हार घालीत असे. आम्ही त्याला हसलो नाही. ज्याला जे हाती लागले ते त्याने जपले.

काही जण म्हणतील, नवी विक्रांत आली की! आली, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ती नौदलात दाखल झाली, आणि ती आपल्याच कारागिरांनी बांधलेली आहे, याचा आनंद आहेच. पण ती लढण्यासाठी आहे. तिच्यावर नातवंडांना कोण नेऊ देणार? कोणी म्हणेल, विशाखापट्टणला कुरसुरा पाणबुडी समुद्रकाठी वाळूत आणून ठेवली आहे, कारवारला चपळ ही क्षेपणास्त्र नौका आहे. जरूर जाऊन पाहावीत; आम्ही कारवारला जाऊन आलो आहो आणि मुलांना घेऊन पुन्हा जाणार आहो. पण ज्या मुंबईने ट्रिंकोमाली बांधली, तिच्या किनाऱ्यावर शिडी चढून जाता येईल असे एकही जुने लढाऊ जहाज आज नाही.

आणि त्याही मागे गेलो तर? सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा उभे आहेत. त्यांच्या आश्रयाला असणाऱ्या गुराबा आणि गलबते, त्यांतले एकही उरलेले नाही. आंग्र्यांचे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली जळाले. इंग्रजांच्या तोफांनी जळाले हे खरे, पण त्या तोफा तेथे पुण्याच्या पेशव्यांच्या सोबतीने आल्या होत्या. तुळाजी आंग्रे डोईजड झाले होते, हे कारण पुस्तकांत मिळते. मुलाला आम्ही ते सांगितले नाही. त्या दिवशी एवढ्यावरच पुरे होते.

परत निघण्यापूर्वी नातू पुन्हा एकदा जहाजाच्या नाळेखाली गेला आणि त्या मुंडाशावाल्याला हात करून आला. "त्याला सांगितलं, डिसेंबरमध्ये मुंबईला जाणार आहे," तो म्हणाला.

त्याप्रमाणे ती मंडळी डिसेंबरात आली. नातवाचा एकच ध्यास, जहाज जेथे बांधले ती जागा पाहावयाची. ती गोदी आज नौदलाच्या ताब्यात. आत कोणालाही जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही लायन गेटपर्यंत गेलो. भिंतीपलीकडे कोठेतरी जमशेटजींनी तो चांदीचा खिळा ठोकला असेल, असे अंदाजाने बोट दाखविले. तेथेच रस्त्यालगत विक्रांतच्या लोखंडातून केलेले एक स्मारक आहे. येणारी-जाणारी माणसे घाईत होती; ऊन चढले होते. मुलाने त्या लोखंडाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नात त्याच्याभोवती एक पुरी प्रदक्षिणा घालून आली, आणि कमरेवर हात ठेवून आम्हांला विचारू लागली, "आजोबा, याच्यावर चढायचं कुठून?"

टॅक्सी आली होती. आम्ही तिला उचलून आत बसविले.